हेही पाहा

मी पुस्तकं शेवटून वाचते.
म्हणजे तिथून, जिथे अजून काही नसतं:
कोरी पानं, माथ्यावर फक्त 'सूची'.
नोंदीमागे चार रुपये. अनुस्वार आधी की नंतर,
यावरून एका प्रकाशकाशी तीन वर्षं बोलणं बंद होतं.

यंदा मुलुंडच्या या टेबलावर अकरा आली.
गाठींचं गणित. त्यातली एक गाठ
सुटल्यासारखी दिसते, सुटत नाही; आकृती चौतीस.
बाळंतज्वराचा इतिहास,
ज्याची मुद्रितं मी रात्री दाराबाहेर ठेवायचे.
खाडीतल्या खेकड्यांवरचं. डॉ. यास्मिन परकार
फोनवर म्हणाल्या, नर-मादी वेगळे लावा हं,
त्यांचे स्वभाव वेगळे. लावले.
आणि षष्ठी विभक्ती. सहाशे पानं,
नुसतं कुणाचं काय यावर.
त्याच पुस्तकानं दोनदा माझी बस चुकवली.

बाकीची सांगत नाही. यादी डिसेंबरात पेपरात येतेच,
'सरत्या वर्षातली लक्षणीय', लेखकांच्या फोटोंसकट.
सूची करणारीचा फोटो लागत नाही. बरंच आहे,
मला फोटोत हसता येत नाही.

पण पेपरला हे कुठे ठाऊक, की माझ्या वहीत
ही सगळी वर्षभर एकमेकांना खेटून होती:
ताप
ताबा
तिढा
तिवर
वैद्य, व्याकरणकार, गणिती आणि खेकडेवाल्या बाई,
जन्मात एका चर्चासत्राला बसायचे नाहीत,
इथे मुकाट, रेशनला उभं राहावं तसे.

अकरावं नोव्हेंबरात आलं. मिठागरांवर, समाजशास्त्राचं.
भांडुप, नाहूर, आमची कोंडी न् कोंडी नकाशात.
पान दोनशे बारा:
"मीठ पिकवाचा नसतंय गो, त्याची वाट बगाची असते."
खाली बारीक टायपात, माहितगार क्र. १४, पुरुष, वय ७१.

गो?
मुलाखत घेणारा निनाद उपळेकर. त्याला कोण 'गो' म्हणेल?
मग आठवलं. कपबश्या घेऊन मी आत आले होते
आणि घाईत म्हणाले होते, बाबा, आटपा लवकर.
उत्तर मला होतं. टेपनं त्याला दिलं.
बाबा त्यानंतर दोन उन्हाळे होते.

उपळेकरांना फोन केला. नावं गुप्त ठेवायचं
लेखी कबूल केलंय, म्हणाले, हळू आवाजात.
मला कळतं. पुस्तकात नाही ते सूचीत नाही,
माझ्या धंद्याचा पहिला नियम.
तरी 'कूळ' आणि 'केवडा' यांच्या मधे पेन्सिलीनं लिहिलं
केणी, पोशा काथोड
आणि चहा होईपर्यंत राहू दिलं.
मग खोडलं. कागद जरा फाटला.

(षष्ठीच्या पुस्तकात एक तळटीप आहे:
आपल्या नावात बापाचं नाव
मधोमध येतं, प्रत्ययाशिवाय.
'चा' नाही, 'ची' नाही. नुसता उभा.
रत्नप्रभा पोशा केणी.
हे नावही कुठल्या पुस्तकात छापत नाहीत.)

दुसरा नियम: वाचकाला गोल फिरवू नये.
हे म्हणतं ते पाहा, ते म्हणतं हे पाहा,
असं नवशिके करतात.
तेवीस वर्षांत माझ्या हातून एकदाही नाही.

म खाली लावलं:
मीठ पिकणे, पाहा वाट पाहणे
व खाली:
वाट पाहणे, पाहा मीठ पिकणे
पानाचा आकडा कुठेच नाही.

मुद्रितशोधकानं समासात प्रश्नचिन्ह काढलं, लाल, मोठं.
मी शेजारी लिहिलं, असू दे.
आणि बिल धाडलं,
दोन नोंदींचे आठ रुपये वजा करून.